पाटल्यांवरचा नंबर

हे सांगायची माझी अजिबात इच्छा नाही. आधीच सांगून ठेवतो, मागून कुरकूर नको.

पण आमची रेणू, म्हणजे माझी नात, जिथं जाईल तिथं हे सांगत फिरते. सासरी सांगितलं, कंपनीत सांगितलं, परवा तर रिक्षात शेजारी बसलेल्या बाईला सांगितलं. ती बाई कोण, कुठली, कुणाच्या ओळखीची नाही! अन् पोरगी सांगते तेव्हा मीठमसाला लावून सांगते. तिच्या सांगण्यात मी पार येडा दिसतो. म्हणून म्हणलं, आपणच लिहून टाकावं. माझ्या लिहिण्यातही मी येडाच दिसणार आहे, पण जरा सुधारलेला.

तर ऐका. चहा घ्या, पण मधी बोलू नका.

माझं मुकुंदवाडीत, स्टेशनच्या बाजूला, भंगाराचं दुकान. आता पोरगा बघतो, पण खुर्ची माझीच. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढं मास्तरचं अन् माझं पटलं नाही. इंग्रजी मला येतं ते गाडीच्या नंबरपाटीवर असतं तेवढंच. पण धातू? धातू मला विचारा! तांब्याची तार वाकवून सांगतो भेसळ किती. पितळ वाजवून सांगतो. जर्मनचं पातेलं नुसतं हातात घेऊन सांगतो, कुणाच्या घरचं ते सोडून सगळं.

आमच्या धंद्यात एक कायदा आहे. कुठं लिहिलेला नाही, पण जो पाळत नाही तो ठाण्यात बसतो. नंबरवाला माल घ्यायचा नाही! कंपनीची मोटर असो, व्हॉल्व्ह असो, साचा असो, त्यावर बारीक नंबर कोरलेला असतो. नंबर आहे म्हणजे ती वस्तू कुणीतरी मोजून ठेवलेली आहे. मोजून ठेवलेली आहे म्हणजे कुणीतरी शोधतंय. आणि पोलीस विकणाऱ्याकडं कधी जात नाहीत बरं का. ते सरळ आमच्या दारात येतात अन् पहिल्यांदा चहा मागतात.

म्हणून मी नंबर दिसला की माल परत. तोंडावर!

आता रेणूचा साखरपुडा झाला. पोरगा चांगला, बजाजनगरचा. त्याचा बाप किसनराव वाळूजच्या एका कंपनीत स्टोअरला. विहीणबाईंनी भर मांडवात रेणूच्या हातात दोन सोन्याच्या पाटल्या चढवल्या. बायका म्हणल्या, वा! मी पण म्हणलं, वा! वजनाला भरीव होत्या, खोटं कशाला बोलू.

रेणू कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. सोनं घालून जाणं बरं नव्हं. दुसऱ्या दिवशी तिनं पाटल्या काढून माझ्या हातात दिल्या. "आबा, लग्नापर्यंत तुमच्या कपाटात ठेवा. तुमच्या कपाटाला कुणी हात लावत नाही."

हे खरं आहे. माझ्या कपाटाचं दार असं करकरतं, की गल्लीतली कुत्री उठतात.

दुपारची वेळ. पोरगा दुकानात, सूनबाई, म्हणजे रेणूची आई मंगल, पत्रिका वाटायला गेलेली. घरात मी एकटा. म्हणलं ठेवायच्या आधी एकदा बघू तर खरं. पेपर वाचायचं भिंग काढलं अन् पाटली आतून बघितली.

आतल्या बाजूला नंबर!

बारीक, मुंगीच्या पायाएवढा, पण नंबर. आधी एक त्रिकोण. त्रिकोण मला माहीत आहे, कंपनीच्या ड्रमवर असतो, धोक्याचा. पुढं बावीस, मग के, मग नऊशे सोळा. अन् त्याच्या पुढं अक्षरं अन् आकडे मिसळून सहा जागांचा एक नंबर, गाडीच्या चेसीवर असतो तसा.

मी हिशेब लावला. बावीस नंबरचं खातं. नऊशे सोळा नंबरचं कपाट. अन् शेवटचा तो वस्तूचा नंबर. आहे का नाही बरोबर? तुम्ही हसू नका, तुम्हाला आता माहीत आहे म्हणून हसताय.

दुसरी पाटली बघितली. खातं तेच. कपाट तेच. शेवटचा नंबर वेगळा!

आता मला सांगा, जोडीनं घेतलेल्या पाटल्या, एका दिवशी, एका दुकानातून, अन् नंबर दोन कसे? म्हणजे एकेक करून उचललेल्या! आज एक, उद्या एक. आणि पोराचा बाप कुठं कामाला? स्टोअरला!

कंपनी सोन्याच्या पाटल्या कशाला करंल, असा प्रश्न तुम्हाला पडला असंल. मला नाही पडला. पडला असता तर आज तुम्हाला सांगायला काही राहिलं नसतं.

तरी मी उतावळा माणूस नाही. शंका आली की विचारून घेतो. सलीमभाईला फोन लावला. सलीमभाईचं दुकान माझ्या दुकानाला लागून, अन् भंगारात त्याच्या दोन पिढ्या गेल्या. पण सोन्याचं नाव काढायची सोय नव्हती. व्याह्याची इज्जत ती आपली इज्जत. म्हणून नुसतं म्हणलं, "सलीमभाई, एक वस्तू आलीय. आतून बारीक नंबर आहे. ठोकलेला नाय, जाळून काढल्यासारखा."

"जला के निकाला हुआ? लेझर का है वो चचा! हात नक्को लगाओ!"

"लई वाईट असतं का?"

"अरे बाप रे! ठोके सो नंबर बी चल जाता, लेझर का नै चलता. उन लोगां के कॉम्प्युटर में रहता वो. मेरे साढू कू दो दिन बिठा के रखे थे ठेसन में, ऐसे इच एक पुर्जे के वास्ते!"

"मग लोकं करतात काय अशा मालाचं?"

"करनेवाले नंबर घिस डालते. नंबर गया तो किस्सा खतम. पर अपन वो काम नै करते चचा. हराम है."

त्याचं पहिलं वाक्य मी नीट ऐकलं. दुसऱ्या वाक्याला बहुतेक रेल्वे गेली.

पण व्याह्याला एक संधी द्यावी, असं वाटलं. दोन दिवसांनी किसनराव हळदीचं ठरवायला आले. पोहे झाले. मी खुर्ची जवळ ओढली अन् आवाज खाली आणला.

"किसनराव, पाटल्या झकास आहेत. पण त्याच्यावर आतून नंबर आहे."

माणूस खाली बघंल, घाम पुसंल, असं वाटलं होतं. तर गडी खुश!

"बघितलात का आबा! तुमची नजर लई बारीक. नंबर आहेच! नंबर असल्याशिवाय मी हात पण लावत नाय."

"हात... लावत नाय?"

"छे! बिननंबरचा माल घरात आणायचाच नाय, असं आमच्या हिनं ठरवूनच टाकलंय. मागं भाचीच्या लग्नात दिलं ते पण नंबरचंच. आता हळूहळू घरातलं सगळंच नंबरचं करून घ्यायचंय."

मी पाणी पिलो. चोरी करणारी माणसं मी बघितलेली आहेत, पण पोहे खात खात, अशी छाती पुढं काढून? आणि विहीणबाई पण सामील! साखरपुड्यात ती बाई कशी गरीब गाईसारखी बसली होती!

आता करायचं काय? माझ्या पोराला सांगावं, तर तो तापट. लग्न मोडून मोकळा होईल. अन् रेणूला तो पोरगा मनापासून आवडलेला. फोनवर बोलताना नुसती भिंतीला नखानं रेघा मारत असते, अर्धी भिंत खरवडली. न सांगावं, तर उद्या भर मांडवात पोलीस येणार, नंबर जुळवणार, अन् नवरीच्या हातातून पाटल्या उतरवणार. माझ्या डोळ्यांपुढं ते दिसायलाच लागलं. अक्षता टाकायला आलेले लोक, अन् मधी एक हवालदार चहा मागतोय.

नाही. माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार लावून घेतलं. सगळ्यात बारीक कानस काढली, घड्याळवाल्यांची. आयुष्यात कधी कुणाचा नंबर घासला नाही मी, सांगतो तुम्हाला. पण नातीसाठी बसलो. पाटली मांडीवर, मांडीवर उशी, उशीवर जुनं धोतर. हळूहळू, एकाच दिशेनं, श्वास रोखून. त्रिकोण गेला. खातं गेलं. कपाट गेलं. चेसी नंबर गेला. मग सगळ्यात बारीक काचकागद. मग पाणी लावून फडकं. मग नुसता अंगठा. दोन्ही पाटल्या आतून अशा गुळगुळीत केल्या, की माशी बसली असती तर घसरली असती.

पेपरवर थोडी पिवळी भुकटी पडली होती. खिडकीतून फुंकून दिली. पुरावा नको!

त्या रात्री मला तीन दिवसांनी झोप लागली.

अन् हळदीच्या आदल्या दिवशी सगळं फाटलं.

घर बायकांनी भरलेलं. मंगलची बहीण जालन्याहून आलेली. तिला प्रत्येक गोष्ट तपासून बघायची खोड, दूधवाल्याचं माप सुद्धा. ती म्हणली, "रेणे, पाटल्या आण की बघू. मोबाईलमध्ये नंबर टाकला की सगळं कळतं, खरं का खोटं."

मी कोपऱ्यात सुपारी कातरत होतो. नंबर म्हणल्यावर अडकित्ता थांबला.

रेणूनं पाटल्या आणल्या. इकडून बघितल्या, तिकडून बघितल्या. मोबाईलची बॅटरी मारली. "मावशी, नंबर नाही गं."

"नाही? नीट बघ. त्रिकोण असंल."

"त्रिकोण पण नाही. काहीच नाही."

मंगलचा चेहरा पडला. "म्हणजे बिनहॉलमार्कचं सोनं दिलं आपल्याला? अगं बाई, खोटं तर नव्हं?"

आणि मी, मूर्ख माणूस, आनंदानं बोलून गेलो, "अगं, नंबर नाय तेच बरं! कटकट मिटली!"

सगळ्या बायका माझ्याकडं वळल्या.

रेणू माझ्याजवळ येऊन बसली. लहान पोराला सांगावं तसं सांगायला लागली. "आबा, तो नंबर सोन्याच्या खरेपणाचा असतो. त्रिकोण ही सरकारी खूण, तपासलं म्हणून. बावीस के म्हणजे बावीस कॅरेट. नऊशे सोळा म्हणजे हजार भागांत नऊशे सोळा भाग सोनं."

"अन् शेवटचा?" मी विचारलं.

"तो त्या एकाच दागिन्याचा नंबर. प्रत्येक दागिन्याला वेगळा. जोडीतल्या दोन पाटल्यांना पण वेगळा. मोबाईलमध्ये टाकला की कुठं तपासलं, कुणी विकलं, सगळं दिसतं. माणसाला आधार कार्ड असतं ना, तसं."

अन् मी त्या दोघींचं आधार कार्ड घासून, फुंकून, गल्लीत उडवून दिलेलं!

तिथंच बोलायला पाहिजे होतं. मान्य आहे. तोंड उघडलं पण होतं. पण तेवढ्यात मंगलनं विहीणबाईंना फोन लावला होता.

"आम्ही काय मागितलं होतं का तुम्हाला? नसतं दिलं तरी चाललं असतं. पण असलं?"

पलीकडून विहीणबाई. ती गरीब गाय नव्हती, हे मला फोनच्या बाहेरूनच कळलं. मग किसनराव फोनवर. "आमच्या नियतीवर येऊ नका! एवढा भरवसा नसंल तर हळद कशाला लावता? राहू द्या!"

राहू द्या म्हणला हो तो! रेणू उठून आतल्या खोलीत गेली. ह्यावेळी भिंत खरवडायचा आवाज पण आला नाही.

शेवटी ठरलं, दोन्ही घरच्यांनी शहागंजच्या पुढं सराफ्यात यायचं. जिथून पाटल्या घेतल्या त्या कांतीलाल शेठसमोर बसायचं. तो सांगंल ते खरं.

मी म्हणलं, मी घरीच थांबतो, मांडववाला यायचाय. रेणू म्हणली, "आबा, तुम्हाला धातू कळतो. तुम्ही पाहिजेच." झालं!

दुकानातल्या गादीवर एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला ते. मधी कांतीलाल शेठ. पांढरी टोपी, डोळ्याला ते नळकांड्यासारखं भिंग. पोरं एकमेकांकडं बघत नव्हती. मी मनात म्हणत होतो, एवढं म्हण बाबा सोनं खरं आहे, अन् विषय मिटव. मी जन्मात कुणाला कळू देणार नाही.

शेठनं पाटली मशीनखाली ठेवली. आकडा आला. "बावीस कॅरेट. चोख माल. माझ्याच दुकानचा."

किसनरावनं मिशीवरून हात फिरवला. "ऐकलं का मंगलताई?"

"ऐकलं. मग नंबर कुठं गेला?"

शेठनं पाटली आडवी धरली. बराच वेळ बघितली. अन् म्हणला, "नंबर होता. कुणीतरी घासलाय."

आता विहीणबाई मंगलकडं बघायला लागली अन् मंगल विहीणबाईकडं.

"आमच्याकडून दिल्या तेव्हा नंबर होता! आबांनी स्वतः बघितलाय, विचारा त्यांना!"

"मग काय आमच्या घरी घासला? आम्हाला धंदे नाहीत का?"

मी छताकडं बघत होतो. पंखा होता. चांगला पंखा होता. गप्प बसायचं मी ठरवलं होतं, अन् ठरवलं की मी बसतो.

पण तो शेठ गप्प बसंना! भिंगातून बघत तोंड चालूच. "अरारारा. काय घासलंय हे. कुणाच्या हातात कानस दिली कुणास ठाऊक."

मी गप्प.

"हाताला वळण नाही. अंदाज नाही."

मी गप्प. सुपारी गिळली.

"रेघा तर बघा नुसत्या! म्हशीच्या शिंगावर चालवावी तशी चालवलीय. कानस धरायची अक्कल नाही, असल्या कुणा आडदांड माणसाचं..."

"ओ शेठ!" मी उठून उभा राहिलो. "तोंड सांभाळून बोला! रेघा? कुठंय रेघ? दाखवा एक! घड्याळवाल्याची कानस लावली, मग काचकागद, मग पाण्याचं फडकं, अन् शेवटी अंगठा फिरवलाय मी! चाळीस वर्षं धातूत गेली माझी, अन् मला अक्कल सांगता?"

दुकानात पंख्याचा आवाज येत होता. खरंच चांगला पंखा होता.

रेणू हळूच म्हणली, "आबा?"

मग काय! सांगितलं सगळं. खातं, कपाट, चेसी नंबर, सलीमभाई, हवालदार, सगळं. मंगलनं पदर तोंडावर घेतला. माझ्या पोरानं कपाळ धरलं. किसनराव हळूहळू लाल झाला.

"म्हणजे आबा, तुम्ही मला चोर समजलात?"

आता खोटं बोलून काय उपयोग? "समजलो."

"अन् तरी तुम्ही..."

"तरी पोरगी देतच होतो की! वर नंबर पण घासून दिला. चोर समजून सुद्धा एवढं तुमचं कोण करंल, सांगा बरं?"

किसनरावचं पोट हलायला लागलं. मग खांदे. मग असा हसला, की बाहेरून जाणारे दोघं आत डोकावले. विहीणबाई हसली, मंगल हसता हसता रडली. रेणूनं माझा हात धरला अन् सोडलाच नाही. पोरगं, तिचं होणारं, म्हणलं, "आबा, पुढं काही भानगड केली तर तुमच्याकडंच येईन."

त्याला मी सांगितलं, एकदाच मिळतं ते.

शेठनं पाटल्या परत तपासायला पाठवल्या. नवा त्रिकोण, नवा नंबर. बावीस के नऊशे सोळा तेच. मी विचारलंच, "हजारातले चौऱ्याऐंशी भाग गेले कुठं?" शेठ म्हणला, तांबं वगैरे घालावं लागतं, नाहीतर पाटली भाकरी थापताना वाकंल. हे मात्र मला पटलं. धातूची गोष्ट आहे, बरोबर तेच म्हणणार मी.

हळद लागली. लग्न झालं. हवालदार आला नाही. किसनरावची मी मांडवात चार लोकांसमोर माफी मागितली, त्यानं मला मिठी मारली, अन् आता तो फोन केला की आधी विचारतो, "आबा, कानस ठिकाणावर आहे ना?" विहीणबाईला साडी नेली. मंगलपुढं मान खाली घातली. सलीमभाईनं तर मलाच झापलं, ते पण ऐकून घेतलं. माझ्याकडून जे जे देणं लागत होतं ते सगळं मिटलं.

पण मला जे येणं आहे त्याचं काय? परवा सराफ्यात मुद्दाम गेलो, दुकानासमोर उभा राहिलो, घसा खाकरला. बाबानं नमस्कार केला, चहा मागवला, चौकशी केली, सगळं केलं. पण एक शब्द काढला नाही. इतक्या लोकांसमोर, माझ्या नातीसमोर, ज्या माणसानं माझ्या कानशीला म्हशीचं शिंग दाखवलं, अन् अजून माझी माफी मागितलेली नाही, त्याचं नाव तुम्हाला सांगून ठेवतो: सराफ्यातला कांतीलाल शेठ.